चटणीच्या गाण्यांतले ‘हं’

२०१६ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी, माझी बायको सायकलवरून कामाला निघाली. सव्वानऊला तिच्या फार्मसीतून फोन आला की ती पोचलेली नाही. दहाला हॉस्पिटलमधून फोन आला. तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी पोचलो तेव्हा ती गेली होती. सायकल कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने दुकानात नेऊन ठेवली होती. संध्याकाळी ती मी हातात धरून चालत घरी आणली.

त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी, मी तिच्या आवाजाची शेवटची फाइल पुसली होती. हे मला त्या मंगळवारी आठवलं नाही. आठवलं ते जूनमध्ये. तेव्हापासून विसरता आलेलं नाही.

ती फाइल काय होती हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

आम्ही २०११ साली पुण्याहून न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आलो. मला एका संशोधन संस्थेत सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. ती फार्मासिस्ट. इथल्या परीक्षा पुन्हा देऊन ती एका लहानशा फार्मसीत लागली. मूल नव्हतं, आणि होणार नाही हे तोवर आम्हाला कळलेलं होतं. गाव सपाट, वारा भरपूर. पूर्वेच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसायच्या. मी वाचत बसायचो आणि ती माणसं गोळा करायची, अशी आमची वाटणी होती.

२०१४ च्या हिवाळ्यात तिच्या काउंटरवर एक म्हातारी आली. काठी, लोकरीची टोपी, त्याखाली पातळ वेणी. चिठ्ठीवरचं आडनाव हिंदुस्थानी, पण मोडकं, स्पेलिंग कुणीतरी कानाने लिहिल्यासारखं. बायकोने गोळ्या समजावून सांगितल्या आणि शेवटी सवयीने म्हणाली, “नीट जा हं, आजी.”

म्हातारी थांबली.

“काय म्हणालीस मला?” तिने इंग्रजीत विचारलं.

बायकोला वाटलं, चूक झाली. ती घाईघाईने सांगायला लागली की आमच्या भाषेत म्हाताऱ्या बायकांना आदराने असं म्हणतात.

“तुमच्या भाषेत?” म्हातारी म्हणाली. “हा आमचा शब्द आहे.”

ती त्रिनिदादची होती. तिची मुलगी इथल्या हॉस्पिटलात नर्स होती, आईला तिने जवळ आणून ठेवलं होतं. त्रिनिदादला वडिलांच्या आईला आजी म्हणतात आणि आईच्या आईला नानी. म्हातारीला चार मुलीच झाल्या. नातवंडं अकरा, सगळ्यांची ती नानी. आजी म्हणायला तिला जगात कुणी नव्हतं. ऊसमळ्यावर कराराने मजुरी करायला गेलेल्या माणसांबरोबर बोटीतून जो शब्द तिथे पोचला होता, तो तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. आणि तो पंच्याऐंशीव्या वर्षी एका परक्या बाईने गोळ्यांच्या पुडीबरोबर तिच्या हातात दिला.

“परत म्हण,” ती म्हणाली.

त्या दिवशी बायको घरी आली ती हेच सांगत आली. तिने बूट काढले नव्हते. “अरे, तिच्याकडे गाणी आहेत,” ती म्हणाली. “चटणीची गाणी.”

“पाककृती गाण्यात?”

“अरे नाही. चटणी म्हणजे त्यांचं नाचाचं संगीत. तू बस पुस्तकं घेऊन.”

मग दर शनिवारी दुपारी ती म्हातारीकडे जायला लागली. माझ्याकडे गाडी चालवण्याचं काम होतं, तिला भर वाऱ्यात सायकलवरून रेकॉर्डर न्यायचा नव्हता. पहिल्याच शनिवारी मी तिच्यामागून दारात शिरलो तर म्हातारीने काठी आडवी धरली.

“डुलाहा बाहर.”

डुलाहा म्हणजे नवरदेव. मी त्रेचाळीस वर्षांचा, अर्धं टक्कल पडलेला माणूस. बायको हसून दाराला टेकली.

“आजी, ह्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली.”

“माझ्या गाण्यांना विचार. त्यांना तो नवरदेवच आहे.”

कारण ती गाणी लग्नाच्या आधीची होती. त्रिनिदादच्या हिंदूंत लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी बायका वाजतगाजत जाऊन माती खणून आणतात. त्या विधीला माटीकोर म्हणतात. त्यानंतर बायकाच जमायच्या, दार लावून घ्यायच्या आणि गायच्या, नाचायच्या. नवऱ्याच्या आईचं नाक, त्याच्या काकाचं पोट, पहिल्या रात्री नवरा काय करील आणि त्याला काय जमणार नाही, असं सगळं त्या गाण्यांत. पुरुषाला त्या खोलीत मज्जाव. नवरदेवाला तर सगळ्यात आधी.

म्हणून मी दोन वर्षं शनिवारी दुपारी त्या घराबाहेर गाडीत बसून पुस्तक वाचत होतो. खिडकीची काच वर. तरी वारा पडला की आतून काहीतरी यायचं. शब्द नाही, ठेका.

चटणीचा इतिहास मला बायकोकडून कळला, तो गाडी चालवताना, तुकड्यातुकड्याने. जे बोटीतून गेले त्यांतले बरेचसे भोजपुरी बोलणारे. ते ऊस तोडत होते आणि त्यांच्या बायका बंद दारामागे ही गाणी गात होत्या. ढोलक होता. टाळ नव्हते, तर त्यांनी लोखंडाची लांब कांब घेतली, म्हणतात की बैलगाडीच्या आसाची, आणि घोड्याच्या नालाने ती वाजवायला लागल्या. तो धंताल. पुढे हार्मोनियम आली. पुढे सिनेमाची गाणी आली आणि त्यांच्या चाली ह्यांत मिसळल्या. भाषा मात्र विसरली गेली. म्हातारीच्या आईला निम्मे शब्द कळायचे, म्हातारीला त्याच्या निम्मे.

मग कुणीतरी दार उघडलं. ही गाणी लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवर आली, रेकॉर्डवर आली, स्टेजवर आली. पुरुष गायला लागले. शेजारच्या आफ्रिकी लोकांची कॅलिप्सो आणि तिच्यातून निघालेली सोका तिथे होतीच. ढोलक-धंतालाच्या जोडीला सोकाचे ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार आल्या, शब्दांत इंग्रजी आलं, आणि रम तर गाण्यागाण्यांत आली. झणझणीत आणि मिसळलेलं, म्हणून चटणी. बायका चारचौघांत कंबर हलवून नाचायला लागल्या तेव्हा पंडितांनी आरडाओरडा केला.

“म्हणजे आजी त्या नव्या चटणीवर नाराज?” मी विचारलं.

“शिव्या घालते. आणि रेडिओवर लागली की बसल्या जागी खांदे हलवते.”

बायकोला हिंदी चांगलं येत होतं. ती म्हातारीला शब्दांचे अर्थ लावून सांगायची. म्हातारीने एक ओळ सत्तर वर्षं देवाचं गाणं समजून म्हटली होती. बायकोने ती फोडून सांगितल्यावर दोघी इतक्या हसल्या की मी गाडीतून उतरून दारापर्यंत गेलो. आतून आवाज आला, “डुलाहा, पाय मागे!” मी परत गाडीत जाऊन बसलो. ती ओळ काय होती हे मला आजही माहीत नाही. घरी येताना विचारलं तर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तू ऐकायचं नाही असं ठरलंय.”

अडचण अशी होती की रेकॉर्डिंग तर नीट करायला हवं आणि ते काम घरात मला येत होतं. तिने मार्ग काढला. ती हेडफोन लावून ऐकायची आणि वहीच्या पानावर मिनिटं-सेकंद लिहून द्यायची. मी आवाज बंद ठेवून नुसत्या पडद्यावरच्या निळ्या रेघा बघून कापायचो. पानावर तिच्या बारीक अक्षरात असायचं: ‘०.४२ ते १.१०, माझं बोलणं, काढ.’ ‘३.०५ ते ३.३१, मी अर्थ सांगतेय, काढ.’ ‘७.५० ते ९.१५, दोघी हसतोय, काढ.’

“सगळं कशाला काढायचं?” मी एकदा म्हणालो.

“गाणी तिची आहेत. मी मध्ये कशाला?”

ती तशीच होती. घरातले सगळे व्हिडिओ तिने काढलेले आणि काढताना तोंड मिटून. निरोप टाइप करायची. फोनवर कंपनीचाच यांत्रिक आवाज ठेवलेला. आमच्याकडे तिचे फोटो शेकड्यांनी आहेत.

आणि मी नीटनेटका माणूस. कापून झालं की गाण्याची फाइल ठेवायची, मूळ पुसायची. कामं आणि फायली तुंबलेल्या मला खपत नाहीत.

एक गोष्ट मात्र कापता येत नव्हती. गाणाऱ्या बायका एरवी दहाबारा असतात, एक ओळ म्हणते, बाकीच्या उचलतात. म्हातारी एकटी. तिला उचलणारं कुणी नसलं की ती अडायची. तिने बायकोला बजावलं होतं, “गाता येत नसेल तर निदान हुंकार दे. भिंतीपुढे मी गाणार नाही.” मग बायको ‘हं’ म्हणायची. गोष्ट ऐकताना आपण म्हणतो तसा. तो पडद्यावर लहानसा उंचवटा दिसायचा, दोन ओळींच्या मध्ये. मोकळ्या जागेत असला तर मी तो उडवायचो. म्हातारीच्या सुरावर चढलेला असला तर कापताना सूरच तुटायचा. अशा ठिकाणी बायको पानावर लिहायची: ‘हं गाण्यावर बसलाय. निघणार नाही. राहू दे.’

मला ते ‘राहू दे’ खटकायचं. काम अर्धवट वाटायचं.

२०१५ मध्ये तिने धंताल केला. शेतीच्या सामानाच्या दुकानातून कुंपणाची लोखंडी कांब आणली, नाल ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, मिळाला. म्हातारीने तिला वाजवायला शिकवलं. कांब एका हाताने उभी धरायची, मूठ कधी आवळायची कधी सैल सोडायची. आवळली की आवाज मरतो, सोडली की झिणझिणत राहतो. टण् टिक्-टिक् टण्. आमच्या गॅरेजमध्ये तिचा रियाज चालायचा. पलीकडचे गृहस्थ एकदा कुंपणावरून डोकावून म्हणाले, “गाडी दुरुस्त करताय का? मदत हवी?”

त्याच वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने भाषण ठेवलं. विषय दिला, ‘चटणीचा प्रवास’. चार दिवसांनी स्वयंपाक समितीच्या बाईंचा फोन आला.

“अगं, तुझं नाव मी स्टॉलच्या यादीत घातलंय हं. ओली की सुकी?”

“काय?”

“चटणी गं. दीडशे माणसं धर.”

तिने दुरुस्त केलं, पण बातमी फिरली होती. भाषणाला तीन बायका रिकामे डबे घेऊन आल्या. एका काकांनी पहिल्या रांगेतून पुन्हा विचारलं, “म्हणजे ओली की सुकी, ते तरी सांगा.”

“ओलीच, काका,” ती म्हणाली. “रममध्ये भिजलेली.”

ती वीस मिनिटं बोलली. म्हातारीची गाणी तिने लावली नाहीत, शब्द दिला होता. बोटी, ऊस, बंद दार, उघडलेलं दार, एवढं सांगितलं आणि मग कांब उभी धरून वाजवून दाखवली. मागच्या बायकांनी आपोआप टाळ्यांचा ठेका धरला. एक काकू उठून म्हणाल्या, “आमच्या मंगळागौरीतही विहिणीची अशीच खेचायचो की आम्ही.” कुणी रेकॉर्ड केलं नाही. मी शेवटच्या रांगेत होतो, माझ्या खिशात फोन होता.

ती गेल्यावर घरात आवाज यायला लागला.

टण्. मग बराच वेळ काही नाही. मग टिक्.

पहिल्यांदा आला तेव्हा मी चहा गाळत होतो. दुपारचे तीन वाजले होते. मी गाळणी खाली ठेवली आणि उभा राहिलो. मी देवाधर्माचा नाही, भुताखेतांचाही नाही. तरी मी “हं?” असं मोठ्याने म्हणालो.

गॅरेजमध्ये गेलो. धंताल दाराच्या मागे दोरीने टांगलेला होता, नाल त्याच्या शेजारी खिळ्यावर. दाराच्या खालच्या फटीतून वारा येत होता आणि कांब नालावर आपटत होती. कारण सापडलं. मी सुतळी आणून कांब भिंतीला घट्ट बांधली.

तीन दिवस घर गप्प होतं. चौथ्या दिवशी मी सुतळी सोडली.

जूनमध्ये मी तिचा आवाज शोधायला बसलो. फोन, लॅपटॉप, जुने ईमेल, कामावरच्या लोकांचे फोन. कुठेही नाही. लोक म्हणतात की गेलेल्या माणसाचा आवाज कानात राहतो. माझ्या कानात तो महिन्याभरात पुसट झाला. ती काय म्हणाली ते आठवायचं, कसं म्हणाली ते नाही. मग मला रेकॉर्डर आठवला. ती त्याच्यात दोन वर्षं दर शनिवारी बोलली होती, हसली होती. रेकॉर्डर ड्रॉवरमध्ये होता. कार्ड रिकामं होतं. मीच रिकामं केलं होतं, रविवारी. पुसलेल्या फायली परत काढता येतात हे मला माहीत आहे, मी तेही केलं, ऑफिसातल्या एकाकडूनही करून घेतलं. दर आठवड्याला त्याच कार्डावर नवं चढत गेलेलं. आणि शेवटच्या रविवारी मी कार्ड पुसून वर फॉरमॅट केलं होतं, तेही साधंसुधं नाही, जुनं मुळापासून खोडणारं.

उरल्या होत्या कापलेल्या बावीस फायली. आणि वहीची पानं. पानं मी वाचत होतो. ‘माझं बोलणं, काढ. माझं बोलणं, काढ.’

त्या फायलींमध्ये सुरावर बसलेले ‘हं’ असणार हे मला कळत होतं. पण ती गाणी मी ऐकायची नाहीत असं ठरलेलं. हसण्यासारखं आहे. अडवणारं कुणी नव्हतं, घरात मी एकटा, हेडफोन समोर. मी नऊ महिने ते लावले नाहीत. तिने म्हातारीला दिलेला शब्द ही तिच्या ताब्यातली शेवटची गोष्ट होती. ती मोडून तिचा आवाज ऐकायचा, हे मला जमेना.

२०१७ च्या मार्चमध्ये मी म्हातारीकडे गेलो. त्या घराच्या दारात मी सवयीने थांबलो. तिच्या मुलीने मला आत यायला सांगितलं, तरी मी थांबलो. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत होती, खूप लहान झालेली. तिने माझ्याकडे बघितलं.

“आत ये.”

मी आत गेलो. साधी खोली होती. दोन खुर्च्या समोरासमोर. दुसऱ्या खुर्चीत उशी ठेवलेली. मी तिच्यात बसलो नाही, खाली गालिच्यावर बसलो.

“आजी,” मी म्हणालो. मी तिला ह्या नावाने कधी हाक मारली नव्हती. “गाणी माझ्याकडे आहेत. मी ऐकलेली नाहीत. तिचा आवाज दुसरा कुठे नाही. थोडासा त्यांत आहे.”

मुलगी स्वयंपाकघरात गेली.

“एकही नाही ऐकलंस? दोन वर्षांत?”

“नाही.”

“दाराला कान लावून?”

“एकदा. तुम्ही ओरडलात.”

ती जराशी हसली. मग तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, टक्कल पडलेल्या भागावर.

“ती गाणी नवरदेवाने ऐकायची नसतात,” ती म्हणाली. “तू आता नवरदेव नाहीस, बेटा. ऐक.”

हे तिने मायेने म्हटलं. गाडीत येऊन बसल्यावर मी सवयीने खिडकीची काच वर केली.

घरी आल्यावर मी वहीतली पानं क्रमाने लावली. पहिली फाइल, ‘२.१७, हं गाण्यावर बसलाय.’ हेडफोन लावले. म्हातारीचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जाड होता, उन्हात वाळवलेल्या कशासारखा तरी. शब्द निम्मे कळले. नवऱ्याच्या आईच्या नाकाबद्दल होतं. दोन मिनिटं सतरा सेकंदांनी म्हातारीने सूर लांबवला आणि त्याच्या खाली, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, हं.

तिचाच. सर्दी झालेली असताना म्हणायची तसा. त्या शनिवारी सकाळी मी तिला सुंठेचा काढा करून दिला होता, हेही आठवलं.

तिचा ‘हं’ मला डोळ्यांनी ओळखीचा होता, निळ्या रेघेतला लहानसा उंचवटा. कानाने तो असा होता. सगळे सारखे नाहीत. एक हसू दाबलेला आहे. एक घाईचा. एक असा आहे की तिचं लक्ष नव्हतं. ती तेव्हा खिडकीतून बाहेर गाडीकडे बघत असेल, मी पान उलटत असेन. नंतरच्या फायलींत धंतालही आहे, मूठ आवळलेली, मूठ सोडलेली. सत्तर वर्षं देवाचं समजून म्हटलेली ओळ बहुधा नवव्या फाइलमध्ये आहे. तिचा अर्थ मला लागला नाही आणि जिथे तो सांगितला होता ती मिनिटं मी कापली आहेत.

म्हातारी मागच्या वर्षी गेली. तिच्या मुलीने मला फायली मागितल्या, मी सगळ्या दिल्या. त्रिनिदादला तिचा कुणी भाचा नव्या चटणीच्या बँडमध्ये वाजवतो, त्याला त्यांतल्या दोन चाली हव्या होत्या. त्याने विचारलं, मध्येमध्ये एक बाई काहीतरी म्हणते ते काढता येईल का. मी कळवलं, ते गाण्यावर बसलंय, निघणार नाही.

आता २०१९ चा ऑगस्ट आहे. फायली बावीस आहेत. त्यांत तिचे ‘हं’ एकतीस आहेत. धंताल गॅरेजमध्ये दाराच्या मागे टांगलेला आहे, आणि दाराखालची फट मी बुजवलेली नाही.